आप्पासाहेबांची शेवटची काच

धंदा चालू होता तोवर माझी बोटं कायम काळी असत. रसायनांचे डाग, कशानेही न निघणारे. लग्नाच्या पंगतीत बसलो की शेजारचा माणूस एकदा माझ्या हाताकडे बघायचा आणि आपलं पान हळूच पलीकडे सरकवायचा. काही रोग नाही, मी फोटोग्राफर आहे, हे सांगून सांगून मी थकलो होतो. आता बोटं स्वच्छ झाली आहेत आणि पंगतीत कोणी पान सरकवत नाही, तर मलाच चुकल्यासारखं होतं.

संपादकांनी सांगितलं आहे की धंद्यातल्या गमती लिहा. गमती खूप झाल्या. माजिवड्याचे एक जमीनदार फोटो बघून माझ्यावर उखडले होते, कारण एका गालावर सावली पडली होती. "चेहरा पुरता दिलाय मी. तुम्ही अर्धाच का काढलात?" असं त्यांचं म्हणणं. चर्चजवळच्या ख्रिस्ती वस्तीतलं एक जोडपं लग्नाचा फोटो काढायला आलं होतं. नवरीने श्वास इतका रोखून धरला की ती खुर्चीवरून खालीच आली. असं लिहीत बसलो तर अंक भरेल. पण मनात राहिली आहे ती एकच काच, आणि ती मी काढलेलीसुद्धा नव्हे. तिच्याबद्दल लिहितो.

आधी थोडं कामाबद्दल सांगायला हवं. माझं दुकान ठाण्याला, स्टेशनावरून बाजाराकडे येणाऱ्या रस्त्यावर होतं. मी म्हणतो ती गोष्ट मागच्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांतली. फोटो तेव्हा काचेवर उठायचा. कॅमेऱ्यात काच घालायची, तोंडावरचं झाकण काढायचं, उजेड आत घ्यायचा, झाकण लावायचं. मग अंधाऱ्या खोलीत, लाल कंदिलाच्या उजेडात ती काच औषधात हलवत बसायचं. काचेवर सगळं उलटं येतं, गोरा काळा दिसतो आणि काळा गोरा. ती काच कागदावर ठेवून उन्हात धरली की कागदावर सुलटं चित्र उतरतं. खरी कारागिरी इथे. एकाच काचेतून तुम्ही सकाळ काढू शकता आणि संध्याकाळही. कागद किती वेळ उन्हात ठेवला, कोणत्या कोपऱ्यावर पुठ्ठ्याची सावली धरली, कागद चकचकीत घेतला की खरबरीत, यावर चित्राचा चेहरा बदलतो. गिऱ्हाइकाला यातलं काही माहीत नसतं. त्याला आपल्या कोटाची बटणं मोजता आली पाहिजेत, एवढंच.

आप्पासाहेब वकिलांना बटणं नको होती.

जिल्हा कोर्टात त्यांची वकिली चांगली चालत होती. नौपाड्याच्या बाजूला घर, तेव्हा तिकडे झाडीच झाडी. अंगाने भरलेले, हसरे, खाण्याचे शौकीन. एके दिवशी ते दुकानात आले आणि विलायतेहून आलेलं एक मासिक त्यांनी माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्यात एक चित्र होतं. ओढा, काठावर वाकलेली झाडं, सगळं धुरकट. मी म्हणालो, "छपाई बिघडलीय."

"बिघडली नाही. मुद्दाम केलंय. तिकडे आता काही लोक म्हणताहेत की फोटोतही चित्रासारखा भाव आणता येतो. डोळा सगळं एकदम स्वच्छ बघत नाही ना, मग भिंगाने तरी का बघावं?"

"पण आप्पासाहेब, यातलं झाड कसलं आहे तेही कळत नाही."

"मला झाड नकोच आहे, विनायकराव. त्या झाडाखाली उभं राहिल्यावर जे वाटतं ते हवंय."

"ते कोणत्या कागदावर उठतं?"

ते मोठ्याने हसले आणि म्हणाले, "तेच आपण दोघं मिळून शोधू."

त्यांनी मोठा कॅमेरा मागवला. सुट्टीच्या दिवशी बैलगाडीने नाहीतर आगगाडीने ते निघायचे. कधी कोपरीची मिठागरं, कधी मुंब्र्याचा डोंगर, कधी कल्याणची खाडी. सवड असली तर मी बरोबर जायचो, नाहीतर काचा दुकानात यायच्या आणि मी त्या धुवून कागदावर उतरवायचो. प्लॅटिनमचा कागद ते विलायतेहून डब्यांतून मागवत. त्या कागदाला चकाकी नसते, राखेसारखे करडे रंग उमटतात आणि वर्षानुवर्षं टिकतात. पावसाळ्यात मात्र डबा नीट बंद झाला नाही तर सगळा कागद वाया. असा कागद आता मिळतही नाही. एक चित्र हातात धरलं की कापूस हातात घेतल्यासारखं वाटायचं.

पहिलं चांगलं उतरलेलं चित्र मी दुकानात दर्शनी लावलं. कल्याणची खाडी, धुकं, गवताचे भारे लादलेला एक मचवा. येणारा प्रत्येक माणूस ते बघायचा आणि म्हणायचा, "काच पुसा हो तेवढी." एका मावशींनी तर पदराने पुसायला सुरुवात केली. शेवटी मी ते आत नेऊन टांगलं.

त्या चित्रांकडे बघायचं कसं, हे मला शिकावं लागलं. क्षितिज कुठे ठेवलंय ते आधी बघायचं. खाली ठेवलं तर आकाशाचा भार वाढतो, वर नेलं तर वाट लांबते. मोकळी जागा कुठे सोडलीय, सगळ्यात काळं काय आहे, माणूस असला तर तो येतोय की जातोय, आणि तो नसता तर चित्राचं काय झालं असतं, असं मी स्वतःला विचारायचो आणि त्याप्रमाणे कागद उन्हात धरायचो. आप्पासाहेब तोंडाने काहीच सांगत नसत. चित्र बरोबर उतरलं की नुसते "हं" म्हणायचे. बिघडलं की चहा मागवायचे.

मला एक कोडं होतं. या हसऱ्या माणसाची चित्रं बहुतेक उदास. एकटी होडी, ओसाड बांध, कुठेतरी जाणारा पाठमोरा माणूस. मी एकदा धीर करून विचारलं, "आप्पासाहेब, तुम्ही मनातून कष्टी असता का?"

"मी कशाला कष्टी असेन? भरपेट जेवून आलोय. उदास आहे ती खाडी."

हे उत्तर मला तेव्हा थट्टेचं वाटलं होतं.

पौषातली गोष्ट. आप्पासाहेब सकाळी पहिल्या गाडीने डोंबिवलीला गेले. मी गेलो नाही, दुकानात एका कुटुंबाचा फोटो ठरला होता. डोंबिवलीला गाडी थांबायला लागून फार वर्षं झाली नव्हती. स्टेशन म्हणजे एक छपरी, एक बाक आणि चहूकडे भातशेती. खाडीवरून परतल्यावर ते त्या बाकावर टेकले, छातीला हात लावला आणि तिथेच गेले. स्टेशनातल्या लोकांनी त्यांच्या खिशातलं ठाण्याचं परतीचं तिकीट पाहून त्यांना ठाण्याला पोचवलं. बरोबर कॅमेऱ्याची पेटी आणि त्याची तीन पायांची तिवई आली.

त्यांच्या पत्नी राधाबाई त्या दिवशी घरी नव्हत्या. कल्याणला त्यांच्या भावाकडे भाचीचं बारसं होतं, तिथे गेल्या होत्या. पाळणा म्हणून होतो न होतो तोच तार आली.

सुतक संपल्यावर मला बोलावणं आलं. ओसरीवर बसलो. राधाबाई आतल्या दाराआड होत्या, त्यांची फक्त सावली जमिनीवर दिसत होती. त्यांच्या थोरल्या नणंद, ज्यांना घरात सगळे आक्का म्हणत, उंबऱ्यात बसल्या होत्या.

"कॅमेऱ्याच्या पेटीत एक काच आहे. तिच्या बंद झाकणावर त्यांच्या हातची खूण आहे, बाकीच्यांवर नाही. ती एक त्यांनी वापरलेली असावी. तिच्यात काय आहे ते मला काढून द्याल?" राधाबाई आतून म्हणाल्या.

मी काच घेऊन आलो. त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. लाल उजेडात मी ताटलीत काच एरवीपेक्षा हळू हलवत राहिलो, कारण बिघडली असती तर दुसरी नव्हती. हळूहळू रेषा उमटल्या. खाडीचा बांध, तो धुक्यात शिरत नाहीसा होतो. बांधाच्या मधोमध उघाडी, म्हणजे भरतीचं पाणी अडवायची आणि शेतातलं पाणी सोडायची लाकडी झडप. तिच्याजवळ काठीला टेकून उभा असलेला एक माणूस. पुढे अर्धं चित्र नुसतं पाणी. आप्पासाहेबांनी काढलेल्या सगळ्यांत मला ती काच उजवी वाटली, आजही वाटते.

कागदावर उतरवायला घेतली आणि मी अडकलो. कागद जरा जास्त वेळ उन्हात ठेवला की पाणी शिशासारखं जड होत होतं आणि तो माणूस कोणाची तरी वाट बघून थकलेला दिसत होता. कमी ठेवला की धुक्यामागून सूर्य यायच्या बेतात आहे असं वाटायचं आणि तोच माणूस कामाला निघण्याआधी जरा उभा राहिलेला. "हं" म्हणायला आता कोणी नव्हतं. मी दोन्ही तऱ्हेचे कागद घेऊन गेलो.

आक्कांनी ते आत दिले. कागद खालीवर केल्याची सळसळ आली. मग राधाबाईंनी विचारलं, "यातला खरा कोणता?"

"वहिनी, दोन्ही एकाच काचेतले आहेत. दोन्ही खरेच."

"असं कसं? ते तर एकच होते."

मग त्याच पुढे बोलू लागल्या. आवाज सरळ होता, कोर्टात साक्ष द्यावी तसा.

"त्या दिवशी सकाळी आमची बोलाचाली झाली. मी म्हटलं, आज तरी तो कॅमेरा ठेवा आणि माझ्याबरोबर बारशाला चला. माझ्या माहेरचं काही असलं की तुम्हाला खाडीच आठवते. तर म्हणाले, तू जा, मला माणसांचा कंटाळा आलाय. आणि निघाले. त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्या माणसांत आले का, हे मला विचारता आलं नाही. तुम्ही त्यांची चित्रं वाचता असं ते म्हणायचे. मग हे वाचा आणि सांगा. तेव्हा त्यांच्या मनात राग होता का?"

आप्पासाहेबांचं ते खाडी उदास असण्याबद्दलचं उत्तर मी त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्हाला ते तसंच सांगणार."

दोन्ही कागद परत घेऊन मी घरी आलो तो मनाशी चरफडतच. बारीक भिंग घेऊन काच पुन्हा पाहिली. चित्रातून फार तर पहाट कळते, वारा कळतो, माणूस कुठे उभा राहून बघत होता तेही कळतं. तो मघाशी बायकोशी काय बोलून आला, ते कसं कळणार? पण उघाडीजवळचा तो माणूस चित्रातला असला तरी जिवंत असणारच. त्याने आप्पासाहेबांना पाहिलं असणार. पुढच्या रविवारी मी ते दोन्ही कागद घेऊन डोंबिवलीला गेलो.

स्टेशनावरून पश्चिमेला खाडीकडे चालत निघालो. वाटेत कापलेल्या भाताचे बुडखे आणि त्यांतून वर आलेला वाल. बांधावर एक म्हातारा आगरी शेतकरी उघाडीच्या फळ्यांत माती भरत होता. मला पाहून तो काठीला टेकून उभा राहिला, त्या ढबीवरूनच मी ओळखलं. नाव जनू. मी त्याला चित्र दाखवलं. त्याने ते लांब धरलं, जवळ घेतलं.

"यो मी हाय. ही माझी काठी. ते साहेब कवा येनार? मना बोल्ले व्हते, तुजा फोटू तुला आनून देतो."

मी त्याला काय झालं ते सांगितलं. त्याने चित्र माझ्या हातात परत दिलं आणि फळीवर बसला.

"हितून गेले आनि वाटंतच?"

"स्टेशनावर."

"चांगला मानूस. हसरा." त्याने हाताची माती धोतराला पुसली. मग सांगू लागला. "पहाटंच आले. काळोख व्हता, धुका व्हता. मना बोल्ले, जनू, उघाडीवर उबा रव आनि हलू नको. मी बोल्लो, किती येल? तं बोल्ले, मी बोलंपर्यंत. मंग सवताचाच तोल गेला न् चिखलात बसले. मना हसू आवरंना. मना वाटलं आता ओरडतील, तं तेच जास्ती हसाया लागले."

"मग?"

"मंग बोल्ले, आज येवडाच. कल्यानला बारशाला जायाचा हाय, असा चिखल घिऊन गेलो तं बायको घरात घेनार नाय. माजे घरी आले. बायकोने कोटाचा काठ धुवून दिला, चुलीम्होरं वाळवला. पेज घेतली. जाताना बोल्ले, रिकामे हाती कसा जाऊ? मंग आमी वालाच्या शेंगा दिल्या, फडक्यात बांदून. ताज्या व्हत्या."

मी त्याला तो कागद देऊन टाकला, उजेडाचा. दुसरा माझ्याजवळ होताच.

त्या दिवशी संध्याकाळ व्हायच्या आत मी नौपाड्याला पोचलो. ओसरीवर बसून, जनूने सांगितलं तसं सगळं सांगितलं. चिखल, कोट, पेज, बारसं. आतून राधाबाई म्हणाल्या, "तुम्ही भले आहात, विनायकराव. पण मला बरं वाटावं म्हणून सांगू नका. ते ठाण्याला परत येत होते. खिशात ठाण्याचं तिकीट होतं."

"तिकीट परतीचं होतं, वहिनी. ते सकाळीच काढलेलं. डोंबिवलीला बाक एकच आहे, दोन्हीकडच्या गाड्यांना. कल्याणचं तिकीट काढायच्या आधीच ते बसले असतील. आणि शेंगासुद्धा घेतल्या होत्या, वालाच्या, भाचीकडे न्यायला."

उंबऱ्यातल्या आक्कांनी मान वर केली.

"शेंगा कसल्या म्हणालात?"

"वालाच्या. फडक्यात बांधून दिल्या होत्या त्यांनी."

आक्का उंबऱ्यावरून उठल्या. मग दाराकडे वळून म्हणाल्या, "राधे, होत्या गं शेंगा. कॅमेऱ्याच्या पेटीला बांधलेलं पुडकं होतं. लाल काठाचं फडकं. मला वाटलं स्टेशनवरच्या कोणाचं तरी आलंय चुकून. घरात तेव्हा कोणाला शुद्ध होती? मी गाईला घातल्या."

जमिनीवरची ती सावली खाली बसली. मी जोडे पायात घालून निघालो. फाटकापर्यंत पोचलो तेव्हा आक्का मागून आल्या आणि म्हणाल्या, "आज ती जेवेल."

वर्षश्राद्ध झाल्यावर, पुढच्या थंडीत, राधाबाईंनी मला निरोप धाडला की मला ती जागा बघायची आहे. त्या काळात नवरा गेलेल्या बाईने असं घराबाहेर पडणं सोपं नव्हतं. दीर कुरकुरले. आक्का म्हणाल्या, "मी जातेय बरोबर," आणि तो विषय संपला. आप्पासाहेबांचा कॅमेरा घ्या, असंही राधाबाईंनी कळवलं होतं. मी घेतला.

आम्ही पहिल्या गाडीने गेलो. मी आधी कळवलं होतं, म्हणून जनूने बैलगाडी स्टेशनाजवळ आणून ठेवली होती. बांधापाशी पोचलो तेव्हा उजाडत होतं आणि खाडीवर धुकं इतकं दाट होतं की उघाडी दिसत नव्हती, नुसता पाण्याचा आवाज येत होता. जनूने राधाबाईंना जागा दाखवली. "हितं साहेब उबे व्हते. हितं बसले, चिखलात."

राधाबाईंनी त्या जागेकडे पाहिलं. मग त्याला विचारलं, "फोटो काढला तेव्हा एवढाच उजेड होता?"

"याच्यापरीस कमी. काळोखच व्हता म्हना."

त्या माझ्याकडे वळल्या. त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा नीट पाहिला. माझ्या अंदाजापेक्षा तरुण होत्या. "मग मला तो काळोखाचाच द्या. वर्षभर मी त्याला घाबरत होते. वेळच तशी होती तर त्याला काय करणार?"

मी कॅमेरा तिवईवर चढवला. त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "यातून ते काय बघायचे ते मला बघू द्या."

मी काळं कापड उचलून धरलं. त्या आत शिरल्या. आक्का दुसरीकडे बघत होत्या, मुद्दाम. कापडाखालून आवाज आला, "हे सगळं उलटं आहे."

"भिंग तसंच दाखवतं, वहिनी. पाणी वर, आकाश खाली. मनात सुलटं करून घ्यायचं."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"आणि याच्यासाठी पहाटे उठून यायचे." त्या हसल्या. कापडाखाली हसल्या म्हणून फक्त ऐकू आलं. आक्कांनी डोळ्यांना पदर लावला.

काच घालू का, असं मी विचारलं. धुकं अजून होतं, उजेड मऊ होता. आप्पासाहेबांनी याच क्षणासाठी जीव टाकला असता. राधाबाई म्हणाल्या, "थांबा. हे जाऊ दे."

"धुकं गेलं की ऊन कडक होईल. चित्रात काही राहणार नाही."

"मला सगळं स्वच्छ दिसायला हवंय."

आम्ही थांबलो. जनूच्या बायकोने भाकरी आणि वालाची आमटी आणली, आक्कांनी सोवळ्याचा विचार न करता खाल्ली, तेही मी पाहून घेतलं. ऊन वर आलं. उघाडीच्या फळ्या दिसल्या, चिखलातली खेकड्यांची बिळं दिसली, खाडीपलीकडची झाडं एकेक सुटी झाली. राधाबाईंनी जनूला उघाडीवर उभं केलं आणि सांगितलं, "काठी ठेव. इकडे तोंड कर." मी काच घातली. झाकण त्यांनी स्वतः काढलं, मी सांगितलं तेवढं थांबल्या, आणि लावलं.

ती काच मी पुढे उतरवली. आमच्या कलेच्या हिशेबाने चित्र फसलेलंच होतं. भाव म्हणून म्हणतात तो त्यात कुठेच नव्हता. जनू उन्हाने डोळे बारीक करून समोर बघतोय, त्याच्या धोतराला चिखल लागलाय, फळ्यांचे खिळेसुद्धा मोजता येतात. हे चित्र आणि आप्पासाहेबांचं ते काळोखाचं, दोन्ही राधाबाईंच्या खोलीत शेजारी शेजारी होती असं आक्का सांगायच्या. आप्पासाहेबांच्या बाकीच्या काचा पुढे पुतण्यांनी खरवडून खिडक्यांना बसवल्या. ते मला कळलं तेव्हा बोलून काही उपयोग नव्हता. अजूनही त्या रस्त्याने गेलो की मी त्या खिडक्यांकडे बघत नाही.

पण त्या दिवसाचं सांगतो. दुपारी जनूने आम्हाला स्टेशनावर आणून सोडलं. मी ठाण्याची तिकिटं काढायला खिडकीकडे निघालो. राधाबाई बाकाजवळ उभ्या होत्या. बसल्या नाहीत, त्यांनी त्याच्या पाठीवर नुसता हात ठेवला. मग मला हाक मारली.

"विनायकराव, आमची दोघींची कल्याणची काढा."

आक्का म्हणाल्या, "अगं, काही कळवलेलं नाही. आणि वर्षभर तू माहेरी गेली नाहीस."

"म्हणूनच. बाळीला मी अजून नीट पाहिलंच नाही."

मी तिकिटं काढून दिली. कल्याणची गाडी आली. मी त्यांना डब्यात बसवलं आणि खाली उतरलो. गाडी हलणार तेवढ्यात जनू रुळांच्या बाजूने धावत आला आणि त्याने खिडकीतून एक पुडकं आत दिलं. राधाबाईंनी ते घेऊन मांडीवर ठेवलं. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी बघत उभा राहिलो. मग कॅमेऱ्याची पेटी शेजारी ठेवून त्या बाकावर बसलो, ठाण्याच्या गाडीची वाट बघत.